पाण्याखालच्या मापनयंत्रांच्या बॅटऱ्या बदलणं आणि तपासणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई बंदरात, ठाण्याच्या खाडीत, उत्तन-वसईच्या बाजूला भरतीची उंची, प्रवाह, तापमान, क्षारता मोजणारी यंत्रं सोडणारी बरीच मंडळी आमच्या कामाच्या बाकावर येतात. त्यांत सर्व्हेवाले असतात, सागरविज्ञान शिकणारी मुलं असतात, यंत्र उतरवून देणारे तांडेलही असतात. यंत्र हजारो किंवा लाखो रुपयांचं असतं आणि बंद पडतं काही शे रुपयांच्या सेलमुळे. गेलेला महिनाभराचा समुद्र परत मोजता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं जाणारं सगळं इथे एकत्र लिहून ठेवलं आहे.

मल्टिमीटर लावला, व्होल्टेज पूर्ण दाखवतोय. मग बॅटरी बदलायची कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त यंत्रं याच समजुतीनं बुडतात. मल्टिमीटर सेलमधून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. तो दाखवतो ते आराम करणाऱ्या सेलचं व्होल्टेज. दमलेला माणूससुद्धा बसून असला की ठणठणीत दिसतो, जिना चढायला लावला की कळतं.

अल्कलाइन सेल नवा असताना लोडशिवाय, म्हणजे त्याच्यावर काहीही न चालवता, साधारण १.६ व्होल्ट दाखवतो आणि वापराबरोबर हळूहळू उतरतो. त्यामुळे त्याचं नुसतं व्होल्टेज थोडीफार माहिती तरी देतं. ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल तेवढीही देत नाही. तो नव्वद टक्के संपला असला तरी ३.६ च्या आसपासच दाखवतो आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखा एकदम खाली येतो. अशा सेलवर मल्टिमीटर लावून ‘अजून चालेल’ असं ठरवणं म्हणजे काहीच न तपासणं. त्याचा हिशेब वापरलेल्या दिवसांवरून आणि प्रवाहावरूनच ठेवावा लागतो.

लोड लावून तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

समजा, यंत्रात टॉर्चचे मोठे अल्कलाइन सेल आहेत, नऊ, एकापुढे एक. पॅक नवा असेल तर लोडशिवाय १४.३ व्होल्टच्या जवळपास मिळतील. आता त्यावर १०० ओहमचा, १० वॉटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर लावा आणि तीस सेकंद थांबा. त्यातून सुमारे १४० मिलिअँपिअर वाहतील आणि दोन वॉट उष्णता निघेल. म्हणूनच पाव वॉटचा बारीक रेझिस्टर इथे वापरायचा नाही, तो जळतो आणि बोट भाजतं. रेझिस्टर लागलेला असतानाच व्होल्टेज वाचा.

चांगला पॅक पाव व्होल्टच्या आसपास उतरतो आणि तिथेच टिकतो. एक व्होल्टपेक्षा जास्त उतरला किंवा आकडा खाली सरकतच राहिला, तर तो पॅक आम्ही समुद्रात पाठवत नाही. यंत्राची जुळणी वेगळी असेल तर यंत्र मोजमाप घेताना जास्तीत जास्त किती प्रवाह ओढतं ते त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहा आणि तेवढाच लोड लावा.

सेल सुटे असतील तर एकेक तपासलेला उत्तम. मोठ्या सेलवर १० ओहम लावला की १५० मिलिअँपिअर वाहतात. नवा सेल जेमतेम दोन-तीन शतांश व्होल्टनं उतरतो. नऊपैकी एखादा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त उतरला तर तो बाजूला काढा, मग त्याचा आकडा एरवी चांगला वाटत असला तरीही.

नवाकोरा लिथियम सेल टाकला आणि यंत्र सुरूच होत नाही. सेल खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. लिथियम थायोनिल क्लोराइड सेलमध्ये धातूवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर बसतो. याच थरामुळे सेल कपाटात वर्षानुवर्षं टिकतो, वर्षाला एक टक्क्याच्या आसपासच झिजतो. पण बरेच महिने पडून राहिला, त्यातही गरम जागी, की थर जाड होतो आणि पहिल्यांदा प्रवाह मागितला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. यंत्राला वाटतं बॅटरी संपली.

थोडा वेळ हलका लोड दिला की थर मोडतो. पेन्सिल आकाराच्या सेलवर आम्ही ३३० ओहम लावतो, म्हणजे सुमारे ११ मिलिअँपिअर, आणि व्होल्टेज वर चढून स्थिर होईपर्यंत पाहत बसतो. काही मिनिटं लागतात. मोठ्या सेलसाठी आणि तयार पॅकसाठी उत्पादकानं दिलेली पद्धतच वापरा. घाईघाईनं दोन टोकं तारेनं जोडून थर मोडायचा प्रयत्न कुणी सुचवला तर ऐकू नका, सेल तापून फुटू शकतो. आणि हे सेल कधीही चार्ज करायचे नसतात.

कोपऱ्यावरच्या दुकानातले सेल चालतील का?

सेलवरचा छोटा कोड वाचा. मोठ्या सेलवर ‘एलआर२०’ असेल तर तो अल्कलाइन. नुसतं ‘आर२०’ असेल तर झिंक-कार्बन, म्हणजे आपल्याकडे भिंतीवरच्या घड्याळात आणि टॉर्चमध्ये घालतात तो. पेन्सिल सेलमध्येही तसंच, ‘एलआर६’ आणि ‘आर६’. झिंक-कार्बनची साठवण बरीच कमी असते, लोडखाली तो लवकर मान टाकतो आणि संपत आला की त्याचं जस्ताचं आवरणच खाल्लं जाऊन तो गळतो. यंत्रात तो नको.

लॅमिंग्टन रोडला जवळपास सगळे प्रकार मिळतात. तिथे घेताना पाकिटावरची तारीख पाहा आणि एका कामासाठीचे सगळे सेल एकाच तारखेचे मागा. आणखी एक सांभाळा. पेन्सिल आकारात १.५ व्होल्टचा लिथियम सेल येतो आणि ३.६ व्होल्टचाही. दोन्ही हातात सारखेच बसतात. १.५ च्या जागी ३.६ चे चार सेल गेले तर यंत्राला ६ ऐवजी १४.४ व्होल्ट बसतात.

नऊपैकी एकच सेल कमजोर निघाला. तेवढा एक बदलला तर?

नको. पॅकमधले सगळे सेल एकदमच बदलायचे, आणि एकाच बनावटीचे, एकाच तारखेचे घालायचे. एकापुढे एक जोडलेल्या सेलमधून प्रवाह सगळ्यांतून सारखाच वाहतो. सगळ्यात कमजोर सेल आधी रिकामा होतो, पण बाकीचे आठ त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात. मग त्याची ध्रुवता उलटते, आत वायू तयार होतो आणि तो गळतो.

काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या खाडीत ठेवलेलं भरती मोजणारं एक यंत्र माझ्याच चुकीनं बंद पडलं होतं. आठ सेल नव्या पाकिटातले होते, नववा मागच्या कामातून उरलेला. व्होल्टेज छान दिसलं म्हणून घातला. नोंदी एकोणिसाव्या दिवशी थांबल्या. ऐकायला एकोणीस दिवस बरे वाटतात, पण भरतीच्या विश्लेषणात ते अपुरे पडतात. चंद्राचा मुख्य घटक एम२ आणि सूर्याचा एस२ वेगळे करायला सुमारे पंधरा दिवस पुरतात. चंद्राच्या जवळ-दूर जाण्यामुळे येणारा एन२ घटक एम२ पासून वेगळा काढायला मात्र साडेसत्तावीस दिवसांच्या नोंदी लागतात. ज्या मुलीच्या प्रबंधासाठी ते यंत्र होतं तिला पुन्हा बोट ठरवावी लागली, पुन्हा महिनाभर थांबावं लागलं. तेव्हापासून उरलेले सेल आमच्याकडे फक्त टॉर्चमध्ये जातात.

बॅटरी किती दिवस पुरेल, हे कसं काढायचं?

दोन आकडे लागतात: यंत्र झोपेत किती प्रवाह घेतं आणि मोजताना किती. उदाहरण घेऊ. झोपेत ०.०५ मिलिअँपिअर, मोजताना ४० मिलिअँपिअर, दर १० मिनिटांनी ६० सेकंद मोजमाप. दिवसात १४४ वेळा, म्हणजे एकूण २.४ तास. २.४ गुणिले ४० म्हणजे ९६ मिलिअँपिअर-तास. झोपेचे आणखी १.२. दिवसाला झाले ९७.

मोठ्या अल्कलाइन सेलची क्षमता १३ अँपिअर-तास धरा. नऊ सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेज नऊपट होतं, अँपिअर-तास तेवढेच राहतात. इथे बरेच जण नवानं गुणतात आणि फसतात. शिवाय यंत्र सेल पूर्ण रिकामा होण्याच्या आधीच थांबतं, म्हणून तीन चतुर्थांशच हिशेबात घ्या, ९.७५ अँपिअर-तास. भागाकार केला की येतात १०० दिवस.

आता मुंबईचा पावसाळा आठवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, समुद्र खवळलेला. महानगरपालिका पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे जे दिवस आधी जाहीर करते, नेमकी तीच उधाणं मोजायची असतात. म्हणजे मेअखेर उतरवलेलं यंत्र सप्टेंबरात हाती येणार. ते झाले एकशेवीस दिवस आणि बॅटरी शंभर दिवसांची. अशा वेळी मोजमापाचं अंतर १० वरून १५ मिनिटं करा. रोजचा खर्च ६५ वर येतो आणि दिवस १४९ होतात. मुंबईची भरती सुमारे साडेबारा तासांच्या चक्रात चालते, पंधरा मिनिटांनी तिचं काही निसटत नाही. लाटा मोजायच्या असतील तर गोष्ट वेगळी, तिथे बॅटरीच वाढवावी लागते.

बॅटरी बोटीवरच बदलली तर चालेल का?

जमत असेल तर टाळा. भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या हलत्या बोटीत, खारा फवारा उडत असताना उघडलेलं झाकण म्हणजे आत मीठ गेलंच. नाइलाज असेल तर केबिनमध्ये बसा, गोडं पाणी आणि कोरडी फडकी बरोबर ठेवा.

कामाचा क्रम मात्र कुठेही तोच. पहिल्यांदा नोंदी उतरवून घ्या आणि फाइल उघडून पाहा. बॅटरी काढली की काही जुन्या यंत्रांची स्मृती आणि घड्याळ दोन्ही जातात. मग गोड्या पाण्यानं धुऊन गाळ आणि शिंपले काढा, झाकणाच्या फटीजवळ मऊ ब्रशनं. पूर्ण पुसा. उघडताना यंत्र आडवं किंवा तोंड किंचित खाली धरा, म्हणजे फटीत दडलेला थेंब बाहेर पडेल. यंत्र उभं ठेवून झाकण उचललं की तोच थेंब सर्किटवर जातो.

ओ-रिंग, म्हणजे झाकणाची पाणी अडवणारी रबरी कडी, दर वेळी बदलायची का?

लांब मुक्कामासाठी, हो. ती सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. रिंग दाबून चपटी झाली असेल, तिच्यावर चरा किंवा तडा असेल, तर विचारही करू नका. खाचेतून काढताना स्क्रूड्रायव्हर किंवा टाचणी वापरली तर खाचेलाच ओरखडा पडतो आणि मग नवी रिंगही पाणी अडवत नाही. प्लॅस्टिकची बोथट पट्टी वापरा.

ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग अडवते. ग्रीस तिला फक्त जागेवर नीट बसू देतं. म्हणून रिंग चमकेल इतकंच, पातळ. जाड थरात वाळू आणि धागे चिकटतात, आणि एक केस आडवा आला तरी पाण्याला वाट मिळते. रिंग सिलिकॉन रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावू नका, ती फुगते. काळ्या नायट्राइल रबराच्या रिंगला ते चालतं.

यात इतकी काळजी का, तर दाब. दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण वाढतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर १० मीटर पाण्यात जवळपास ८० किलोचा भार असतो.

पावसाळ्यात झाकण बंद करताना आत दमट हवा अडकते. तिचं काय?

वातानुकूलित खोलीत तासभर यंत्र उघडं ठेवून तिथेच बंद करा, आणि आत ताज्या सिलिका जेलची पुडी घाला. निळे दाणे गुलाबी झाले असतील किंवा नारिंगी हिरवे झाले असतील तर ती पुडी संपली. आत दव धरलं की आधी सेलची टोकं गंजतात.

बॅटरी बदलल्यावर आणखी काय पाहायचं?

घड्याळ. यंत्र भारतीय वेळेवर ठेवायचं की जागतिक वेळेवर, हे आधी ठरवा आणि लिहा. साडेपाच तासांची चूक भरतीच्या आलेखात बेमालूम लपते. भरतीच्या जागी सुकती दिसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आतला बटन सेल ३ व्होल्टच्या खाली घसरायला लागला असेल तर तोही बदला.

पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या ध्वनियंत्रांत एक गोष्ट हमखास विसरली जाते. त्यांच्या मोठ्या पॅकमध्ये पोलादी आवरणाचे डझनावारी सेल असतात. ४२ व्होल्टचा अल्कलाइन पॅक म्हणजे अठ्ठावीस. हे पोलाद होकायंत्राजवळ असतं आणि प्रत्येक पॅकचं चुंबकत्व निराळं. पॅक बदलला की होकायंत्राचं अंशांकन (कॅलिब्रेशन) पुन्हा करायचं, मोटारी आणि लोखंडी टेबलापासून लांब. नाही केलं तर प्रवाहाचा वेग बरोबर येतो आणि दिशा चुकते.

दाबमापक असेल तर बाकावर, हवेत, त्याचा आकडा पाहा. निरपेक्ष दाब, म्हणजे हवेच्या दाबासकट, मोजणारा असेल तर सुमारे १००० ते १०१५ मिलिबार दिसायला हवेत. त्या दिवशीच्या हवामान खात्याच्या कुलाबा किंवा सांताक्रूझच्या आकड्याशी ताडून पाहा.

उतरवण्याआधी किती वेळ चालवून पाहावं?

किमान एक रात्र, आणि प्रत्यक्ष कामात असतील त्याच सेटिंगवर. सकाळी नोंदी मोजा. १० मिनिटांचं अंतर असेल तर बारा तासांत ७२ नोंदी हव्यात. ७१ असतील तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. शक्य असेल तर सुरुवातीचं आणि सकाळचं लोडवरचं व्होल्टेज दोन्ही लिहा.

झाकणाची शंका असेल तर रिकामी बुडी द्या. आतलं सर्किट आणि सेल काढा, टिश्यूपेपर भरा, बंद करा आणि दोरीनं कामाच्या खोलीला अर्धा तास सोडा. वर काढल्यावर कागद कोरडा हवा.

यंत्र वर काढलं, आत पाणी गेल्याचा संशय आहे. उघडू का?

थांबा. हे उत्तर पूर्ण वाचा.

खारं पाणी सेलच्या टोकांना लागलं की त्याचं विघटन सुरू होतं आणि हायड्रोजन तयार होतो. अल्कलाइन सेल स्वतःही हायड्रोजन सोडतात. बंद नळीत तो साठत जातो. वर सांगितलेला ८० किलोचा हिशेब इथे उलटा लागू होतो. आत बाहेरच्यापेक्षा एक वातावरण दाब जास्त असेल, तर तेवढाच भार झाकणाला बाहेर ढकलत असतो आणि शेवटचा स्क्रू सुटताच झाकण गोळ्यासारखं सुटतं.

झाकण फुगलेलं किंवा सरकलेलं आहे का, सळसळ ऐकू येते का, नळी गरम लागते का, उग्र वास येतो का, ते पाहा. यांतलं काहीही असेल तर यंत्र उघड्यावर ठेवा, झाकणाचं तोंड माणसांपासून आणि बोटीपासून लांब, समुद्राकडे. कुणी समोर उभं राहू नका. सिगारेट, शेगडी बंद. दाब सोडायचा प्लग असेल तर बाजूला उभं राहून, डोळ्यांवर चष्मा घालून, तो अगदी हळू सैल करा. आवाज थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. प्लग नसेल तर स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीनं, एकही पूर्ण न काढता.

आत लिथियम थायोनिल क्लोराइड सेल असतील आणि नळी गरम असेल तर उघडूच नका. फुटलेल्या सेलमधून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड निघतात, दोन्ही फुप्फुसं जाळतात. लांब जा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करून आत लिथियम आहे हे स्पष्ट सांगा. कितीही मोलाच्या नोंदी आत असल्या तरी हात लावायचा नाही.

चार्ज होणारे सेल वापरून खर्च वाचेल का?

दोन-चार दिवसांच्या कामाला लिथियम-आयन चांगले. लांब मुक्कामाला नकोत. पेन्सिल आकाराचे चार्ज होणारे निकेल सेल १.२ व्होल्टचे असतात, नऊ सेलमागे जवळजवळ पावणेतीन व्होल्ट आधीच कमी, आणि साध्या प्रकारचे पडल्या पडल्याही बऱ्यापैकी उतरतात.

सेल विमानातून नेता येतील का?

सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात कधीच ठेवायचे नाहीत. केबिनमध्येही चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलला प्रत्येकी २ ग्रॅम लिथियमची मर्यादा आहे. टॉर्चच्या आकाराच्या थायोनिल सेलमध्ये त्याहून बरंच जास्त असतं, म्हणजे तो प्रवाशाबरोबर जात नाही. असे सुटे सेल प्रवासी विमानातून माल म्हणूनही जात नाहीत. घोषित धोकादायक माल म्हणून मालवाहू विमानानं किंवा रस्त्यानं पाठवा. अल्कलाइनला अशी अडचण नाही, फक्त टोकं झाकून ठेवा.

जुने सेल कुठे टाकायचे?

टोकांना चिकटपट्टी लावा, वेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका आणि धक्क्यावरून पाण्यात तर मुळीच नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्या.

यंत्र बदलायला कोणता दिवस धरावा?

भांगाचा, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा. अष्टमीच्या सुमारास प्रवाह मंद असतो, पाणबुड्याला दोर सापडतो आणि गाळ कमी ढवळलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बंदराच्या तोंडाशी काम करायला तांडेलच तयार होत नाही, आणि त्याचं ऐकावं.

वहीत काय काय लिहायचं?

सेलची बनावट, त्यावरची तारीख, घातल्याची तारीख. लोडशिवायचं आणि लोडवरचं व्होल्टेज, लोड किती ओहमचा होता. घड्याळ कोणत्या वेळेवर, काढताना किती सेकंद पुढे-मागे. ओ-रिंग नवी की जुनी. झाकण कोणी बंद केलं आणि दुसऱ्या कोणी पाहिलं. आमच्या वहीतली एक ओळ अशी आहे: ‘नऊ एलआर२०, एकाच पाकिटातले. १४.३२, शंभर ओहमवर १४.०७. घड्याळ भारतीय वेळ. रिंग नवी. रात्रभर ७२ नोंदी.’